सांध्यांचा घसारा

व्यापाऱ्याच्या घरात ‘घसारा’ हा शब्द मुलांच्या कानावर फार लवकर पडतो. वर्षअखेरीस ताळेबंद जुळवताना वजनकाटा, कपाटे, टेम्पो, गोदामातील यंत्रे या सर्वांच्या मूल्यातून ठरावीक रक्कम वजा केली जाते. वस्तू डोळ्यांना जशीच्या तशी दिसत असली, तरी वापराने तिची झीज होतच असते. ती झीज वेळच्या वेळी लिहून ठेवली नाही, तर नफा खोटाच फुगलेला दिसतो. ज्या पेढ्यांवर हे तत्त्व तीन-तीन पिढ्या काटेकोरपणे पाळले गेले, त्यांचे मालक स्वतःच्या शरीराचा घसारा मात्र कधी लिहीत नाहीत. साठीच्या आसपास एके दिवशी गादीवरून उठताना हात आपोआप गुडघ्यावर टेकतो, तोंडून ‘अरिहंत, अरिहंत’ निघते, आणि चाळीस वर्षांचा न लिहिलेला घसारा एकदम नावे पडतो.

झीज बहुधा सांध्यापासूनच सुरू होते. दाराची फळी पन्नास वर्षे टिकते, बिजागरी त्याआधी कुरकुरू लागते. बैलगाडीचा साटा शाबूत असतो आणि आस बदलावा लागतो. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. शहराचा सारा व्यवहार तेथे वळतो, थांबतो, एकमेकांना घासून पुढे जातो, आणि म्हणून रस्त्याची दुरुस्तीही तेथेच अधिक लागते. मानवी देहाचे याहून वेगळे नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. ती नुसती एकत्र ठेवली तर तो ढीग होईल. त्यांचा देह होतो तो सांध्यांमुळे.

रचनेच्या दृष्टीने शरीरशास्त्र सांध्यांचे तीन मोठे वर्ग करते. पहिल्या वर्गात दोन हाडे चिवट तंतूंनी एकमेकांना शिवल्यासारखी घट्ट जोडलेली असतात. कवटीची हाडे अशी जोडलेली आहेत. तान्ह्या बाळाची टाळू मऊ लागते, कारण तेथील शिवण अजून पुरी झालेली नसते. आजी ज्या टाळूवर रोज तेल थापते, ती साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. दात हिरडीखालच्या हाडात रुतलेला असतो, तोही याच वर्गातला सांधा होय. दुसऱ्या वर्गात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची, म्हणजे लवचीक मऊ हाडाची, गादी असते. पाठीच्या मणक्यांमधील चकत्या हे त्याचे उत्तम उदाहरण. येथे हालचाल थोडीच होते, परंतु धक्का सोसण्याची शक्ती मोठी असते. तिसरा वर्ग मोकळ्या हालचालीच्या सांध्यांचा. माणूस चालतो, लिहितो, वाकतो, हात जोडतो, तो सारा व्यवहार प्रामुख्याने या तिसऱ्या वर्गावर चालतो.

या तिसऱ्या वर्गाचेही सहा प्रकार आहेत आणि दुकानात एक दिवस बारकाईने पाहिले, तर ते सहाही भेटतात. सकाळी कुलूप उघडण्यासाठी किल्ली फिरवताना कोपराजवळ एक हाड दुसऱ्याभोवती फिरते, तो खुंटीचा सांधा. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की मान ‘नाही’ म्हणून दोन्ही बाजूंना हलते, तीही मानेतील पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील अशाच खुंटीवर. शटर वर ढकलताना खांदा हवा तसा वळतो, तो उखळीचा सांधा. त्यात वाडग्यासारख्या खोलगट जागेत हाडाचा गोल माथा बसलेला असतो. खुब्याचा सांधाही याच जातीचा, फक्त त्याची उखळ अधिक खोल आणि म्हणून अधिक स्थिर. कोपर मिटते व उघडते ते बिजागरीच्या सांध्याने. वहीवर हात सरकवताना मनगट पुढे-मागे आणि आजूबाजूला झुकते, तो लंबगोल सांधा. मनगटातील आणि घोट्यातील लहान हाडे एकमेकांवर किंचित घसरतात, तो सरकता सांधा. सहावा प्रकार खोगिरी. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावे, तशी दोन हाडे एकमेकांवर बसलेली. हा सांधा अंगठ्याच्या मुळाशी आहे. त्यामुळेच अंगठा उरलेल्या चारही बोटांसमोर येऊ शकतो, लेखणी धरता येते आणि नोटांची चळत मोजता येते. ज्यांचे आयुष्य नोटा मोजण्यात गेले, त्यांचा अंगठा उतारवयात मुळाशी दुखू लागतो, तेव्हा तक्रार बहुधा या खोगिराचीच असते.

गुडघ्याला शाळेच्या पुस्तकात बिजागरीचा सांधा म्हणतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मांडीच्या हाडाचे दोन गोलसर उंचवटे नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असतात आणि समोर वाटीचे हाड असते. गोल वस्तू सपाट जागेवर स्थिर राहावी म्हणून मध्ये अर्धचंद्राकृती दोन गाद्या ठेवलेल्या आहेत. आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध आहेत, बाहेर दोन्ही बाजूंना आणखी दोन. शिवाय मांडीचे बळकट स्नायू पुढून ताण धरतात. गुडघा मिटतो, उघडतो आणि मिटलेला असताना थोडा वळतोही. इतकी कामे करणाऱ्या या सांध्याला खुब्यासारखी खोल उखळ मिळालेली नाही. त्याची सारी भिस्त बंधांवर आणि स्नायूंवर आहे.

मोकळ्या सांध्याची आतली रचना व्यापाऱ्याला विशेष विचार करायला लावणारी आहे. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. सभोवती एक पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाटसर द्रव पाझरतो आणि तो वंगणाचे काम करतो. मुख्य गोष्ट पुढेच आहे. प्रौढ माणसाच्या या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषण मुख्यतः त्या वंगणातूनच मिळते, आणि तेही सांधा हलला तर नीट मिळते. भार पडला की कूर्चा ओल्या स्पंजासारखी दबते, भार निघाला की पुन्हा फुगते आणि पोषक द्रव आत ओढून घेते. तिजोरीत बंद केलेला पैसा वाढत नाही, तो व्यवहारात फिरावा लागतो. तसेच न हलवलेला सांधा सांभाळला जात नाही, तो उपाशी राहतो. कूर्चेत मज्जातंतूही नसल्यामुळे तिची झीज सुरुवातीला दुखत नाही. वेदना जाणवू लागते तेव्हा नुकसान तेथून आजूबाजूच्या भागांपर्यंत पोहोचलेले असते. रक्तपुरवठ्याअभावी झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येण्याची शक्यताही फार थोडी.

आपल्या देशात सांध्यांचा अभ्यास जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात २१० संधी मोजले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९ आणि मान व त्यावरील भागात ८३. त्यांचे चेष्टावंत आणि स्थिर असे दोन गट केले आहेत आणि आकारावरून आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांची नावे घरातल्या वस्तूंवरून घेतली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. उलूखल म्हणजे उखळ, सामुद्ग म्हणजे डबा, तुन्नसेवनी म्हणजे शिवण, वायसतुंड म्हणजे कावळ्याची चोच. कोर या प्रकारात गुडघा, कोपर, मनगट, घोटा आणि बोटे येतात. कवटीच्या सांध्याला सुश्रुताने शिवण म्हटले आणि आजचे शरीरशास्त्रही तीच उपमा वापरते. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात आणि तेथीलच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी मुले एकाच शहरात हे दोन मार्ग अभ्यासतात. एका ठिकाणी संख्या वेगळी, दुसऱ्या ठिकाणी वेगळी, परंतु पाहायची वस्तू तीच.

जैन घरात आणखी एक मोजणी परंपरेने आलेली आहे, ती म्हणजे ‘संहनन’, प्राकृतात ‘संघयण’. पाठशाळेत नामकर्माचे भेद पाठ करताना ही सहा नावे अनेकांनी म्हटली असतील, परंतु तो हाडांच्या जोडणीचा विचार आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. श्वेतांबर कर्मग्रंथांनुसार वज्रऋषभनाराच, ऋषभनाराच, नाराच, अर्धनाराच, कीलिका आणि सेवार्त असे ते सहा प्रकार. दिगंबर ग्रंथांत पहिला वज्रवृषभनाराच, दुसरा वज्रनाराच आणि शेवटचा असंप्राप्तसृपाटिका या नावाने येतो. श्वेतांबर विवेचनानुसार नाराच म्हणजे दोन्ही हाडांची एकमेकांत अडकलेली पकड, जिला मर्कटबंध म्हणतात. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला बिलगते, तशी ती घट्ट. त्यावर गुंडाळलेला पट्टा म्हणजे ऋषभ, आणि साऱ्यांतून आरपार गेलेला खिळा म्हणजे वज्र. पकड, पट्टा आणि खिळा तिन्ही असतील तर पहिले संहनन. यांतील एकेक गोष्ट कमी होत गेली की खालचे संहनन. शेवटच्या सेवार्तात हाडांची टोके केवळ एकमेकांना टेकलेली असतात. टीकाकारांनी या शब्दाचा अर्थ सांगताना म्हटले आहे की अशा हाडांना तेलाच्या मर्दनासारखी नित्य सेवा लागते.

जोडणीला इतके महत्त्व का, हे लातूर जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या. त्या भिंतींतील दगड कठीणच होते. परंतु भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना एकत्र बांधणारे आरपार दगड पुष्कळ घरांत घातलेले नव्हते. मातीने धरलेले दोन थर हादऱ्याबरोबर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा भार खाली आला. पुढे घरे बळकट करण्याच्या ज्या सूचना दिल्या गेल्या, त्यांत भिंतीचे थर जोडण्याला आणि घराला सभोवार पट्टा बांधण्याला मोठे स्थान होते. पकड, पट्टा आणि खिळा यांचाच तो व्यवहारातला अर्थ.

शास्त्रकारांनी संहननाचा विचार साधनेच्या संदर्भात केला. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाची व्याख्या करताना उत्तम संहननाची अट घातलेली आहे आणि ध्यानाची कमाल मर्यादा अंतर्मुहूर्त सांगितली आहे. चित्त एकाग्र व्हायचे तर देहाने ते पेलले पाहिजे, असा त्याचा सरळ आशय. श्वेतांबर आगमांनुसार भगवान महावीरांना केवलज्ञान झाले ते ऋजुवालिका नदीच्या काठी, गोदोहिका आसनात. गाय दोहताना बसतात त्या या आसनात गुडघे पूर्ण मिटलेले असतात आणि सारा भार चवड्यांवर येतो. पंचम काळातील माणसाला उत्तम संहनन नाही, असे शास्त्र सांगते. मग सेवार्त सांध्यांच्या माणसाने सामायिक कसे करावे, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. घरोघरी तो फार खोलवर टोचत असतो.

लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरातील आजींचे उदाहरण घेण्यासारखे आहे. वय सदुसष्ट. चाळीस वर्षे रोज सकाळी स्थानकात जाऊन जमिनीवर मांडी घालून एक सामायिक करण्याचा त्यांचा नेम होता. एक सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एका चातुर्मासानंतर त्या म्हणू लागल्या, “हल्ली गर्दी फार होते तिथं. मी घरीच करते.” घरी त्या पलंगावर पाय सोडून बसत आणि कोणी आले की पाय वर घेत. त्यांचे आसन कपाटावर घडी करून ठेवलेले होते. सुनेने दिवाळीच्या साफसफाईत ते काढले, तेव्हा त्यावर धूळ साचलेली होती. घरातील पुरुषांना वाटले होते, वयाबरोबर आजींचा धर्माकडील ओढा कमी झाला असेल. सुनेने कोणालाही काही न बोलता नांदेडला दिलेल्या नणंदेला फोन केला.

लेक आली. आईला जिना उतरताना तिने पाहिले. आजी कठड्याला धरून आडव्या होऊन, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या.

“कधीपासून दुखतंय, आई?”

“वयाचं दुखणं आहे. त्याला काय सांगायचं?”

“स्थानकात जाणं यासाठीच सोडलंस ना?”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खाली बसले तर उठवायला दोघी लागतात. खुर्चीवर बसले तर बायका म्हणतील, हिचं सगळं ढिलं पडलं. त्यापेक्षा घर बरं.”

नांदेडच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी उभे करून गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र काढले. दोन हाडांच्या मधली काळी फट दाखवून ते म्हणाले, “ही मोकळी जागा नाही बरं का. इथं कूर्चा असते, ती या फोटोत दिसत नाही. फट जितकी अरुंद, तितकी कूर्चा झिजलेली. तुमच्या आतल्या बाजूची फट निम्म्याहून कमी राहिली आहे.” शस्त्रक्रियेची घाई नव्हती. त्यांनी मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम, रोज सपाट रस्त्यावर चालणे, वजन कमी करणे, उंच आसनाचे शौचालय आणि बसायला खुर्ची एवढेच सांगितले. आजींनी विचारले, “म्हणजे सामायिक बंद?” डॉक्टर जैन नव्हते. त्यांनी सामायिक म्हणजे काय ते विचारून घेतले आणि म्हणाले, “तेवढा वेळ शांत बसणं मी बंद करायला सांगितलेलं नाही. जमिनीवर बसणं बंद करायला सांगितलं. मधे मधे पाय सरळ करता येतील अशा खुर्चीवर बसा.”

वजनाबाबत त्यांनी सांगितलेला हिशेब आजींच्या मुलाला, म्हणजे आडत्याला, चटकन पटला. गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांवर झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की शरीराचे वजन एक किलो घटले, तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. दिवसाला तीन हजार पावले धरली, तरी एका किलोमागे बारा हजार किलोंचा भार वाचतो. एवढा परतावा लातूरच्या बाजारात कोणत्याही धान्यावर मिळत नाही.

आजी पुन्हा स्थानकात जाऊ लागल्या. मागच्या भिंतीलगत दोन खुर्च्या पूर्वीपासून होत्या. त्या फार म्हाताऱ्यांसाठी आहेत, असा सर्वांचा समज होता. पहिल्या दिवशी आजींनी पदर सारखा करत खुर्चीवर बसताना कोणाकडे पाहिले नाही. दोन महिन्यांत त्या भिंतीलगत दोनाच्या पाच खुर्च्या झाल्या. घरी सामायिक करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या, हे तेव्हा कळले.

या घरातील कथा येथे संपत नाही. नांदेडहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आडत्याने आपल्या दुकानासमोर ट्रकमधून तुरीची पोती उतरताना पाहिली. पंचवीस वर्षे त्या दुकानावर काम करणारे हमाल मामा पाठीवर पोते घेऊन फळीवरून उतरत होते, कठड्याविना, आडवे होऊन, एका वेळी एक पाय. ती चाल त्याने चार दिवसांपूर्वी आपल्या घरच्या जिन्यात पाहिली होती.

“मामा, गुडघे दुखतात का?”

“गेलेत, मालक, गुडघं.”

“कुठं दाखवलं का?”

“दाखवून काय करता? पोतं तर उचलावंच लागतं.”

मामांना सरकारी रुग्णालयात नेऊन चित्र काढले. दोन्ही गुडघ्यांतील फट आजींइतकीच, किंबहुना अधिकच अरुंद होती. वयाने ते आजींहून बारा वर्षांनी लहान होते. एका गुडघ्याची झीज वयाने, वाढलेल्या वजनाने आणि वर्षानुवर्षांच्या बैठकीने झाली, दुसऱ्याची भार वाहून. चित्रात दोन्ही सारखीच दिसत होती. फरक इतकाच होता की आजींना खुर्ची मिळाली, तर त्यांचे काही बुडत नव्हते. मामांची मजुरी मात्र पोत्यावर होती. पोते नाही तर पैसा नाही.

जैन श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे, अहिंसेचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील चौथा म्हणजे प्राण्यावर किंवा माणसावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे. प्रतिक्रमणात हा शब्द वर्षानुवर्षे उच्चारला जातो आणि तो बहुधा बैलगाडीच्या बैलाशी जोडून सोडून दिला जातो. ज्या समाजाचा व्यवसाय पोत्यांवर उभा आहे, त्या समाजासाठी तो शब्द फळीवरून उतरणाऱ्या माणसाच्या गुडघ्याशी थेट बोलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. एके काळी सर्रास क्विंटलभराची पोती पाठीवर घेतली जात, आज पन्नास किलोंची पोती रूढ आहेत. ओझे निम्मे झाले. उरलेल्या निम्म्याचा विचार दुकानदाराच्या विवेकावर सोडलेला आहे.

त्या आडत्याने मामांना पोती शिवण्याच्या आणि काट्यावर नोंद ठेवण्याच्या कामावर घेतले आणि आधीच्या सरासरी कमाईइतकी रोजंदारी ठरवली. शेजारच्या दोघा-तिघांना ते रुचले नाही. “उद्या सगळेच हमाल गुडघे दाखवतील,” असे एकाने ऐकवले. त्यावर आडत्याचे उत्तर व्यापारी भाषेतच होते, “पंचवीस वर्षांचा घसारा माझ्याच दुकानाचा आहे. तो दुसऱ्याच्या खात्यावर कसा टाकू?”

गुडघे दुखू लागले की घरात औषधांची ये-जा सुरू होते आणि तेथे जैन घराने विशेष सावध राहावे लागते. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचा कच्चा माल पुष्कळदा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांतून मिळवतात. कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून, कोलाजेन त्यांच्या कातडीपासून व हाडांपासून येते, आणि कॅप्सूलचे आवरण अनेकदा जिलेटिनचे असते. गुडघ्यात दिल्या जाणाऱ्या हायलुरोनिक आम्लाच्या काही इंजेक्शनांचे मूळ कोंबड्याच्या तुऱ्यात आहे, तर काही जिवाणूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार होतात. वनस्पतिजन्य पर्यायही बाजारात आहेत. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे आणि वेष्टन वाचावे. शिवाय या गोळ्यांच्या गुणाविषयी वैद्यकातच एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामीन घेऊ नये असेच सुचवले, आणि व्यायाम व वजन घटवणे यांची मात्र ठाम शिफारस केली. जी सेवा हिंसेविना घरच्या घरी होते, तिचेच माप शेवटी जड भरले.

झीज अगदी टोकाला गेली, रात्रीची झोप मोडू लागली आणि चार पावले टाकणेही कठीण झाले, तर सांधा बदलण्याचा मार्ग आहे. इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याचा सांधा बदलण्याची आधुनिक पद्धत रूढ केली आणि पुढे गुडघ्याचाही सांधा बदलता येऊ लागला. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांचे नाव या क्षेत्रात अग्रगण्य आहे. परदेशी सांधे महाग आणि तिकडच्या बांध्याला व राहणीला जुळणारे. हे ओळखून त्यांनी ‘इंडस’ हा भारतीय कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करवगळता ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी त्याच सांध्यासाठी सरासरी दीड लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. तरीही रुग्णालय, शस्त्रक्रिया, औषधे आणि नंतरचा व्यायाम यांचा खर्च वेगळा असतो. नवा सांधा बसला तरी त्याचाही घसारा त्याच दिवसापासून सुरू होतो. जमिनीवर मांडी घालून बसण्याची मुभा प्रत्येकाला मिळेलच असे नाही, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारायचे असते.

चांगला हिशेबनीस झीज थांबवण्याचा दावा करीत नाही. तो झिजेची तरतूद करतो. सांध्यांची तरतूद फार साधी आहे. गादीवर बसणाऱ्याने दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत, म्हणजे कूर्चेला तिचा आहार मिळतो. मांडीचे स्नायू बळकट ठेवावेत, कारण गुडघ्याचा खरा पट्टा तेच आहेत. चौविहाराच्या आधीचे जेवण हलके ठेवावे आणि पारण्याच्या दिवशी उपवासाचा हिशेब मिठाईने चुकता करू नये. सांधा सुजला, गरम लागला, सकाळी तासभर आखडून राहिला किंवा तापासोबत दुखू लागला, तर ती केवळ झीज समजू नये. आमवात, युरिक आम्लाचा वात किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काहीही असू शकते आणि त्याला वेळेवर औषध लागते. घरातील स्त्रिया दुखणे सांगत नाहीत. म्हणून त्यांच्या चालण्याकडे, जिना उतरण्याकडे आणि कपाटावर घडी करून ठेवलेल्या आसनाकडे घरच्यांनीच लक्ष द्यावे.

दिवाळीला वहीपूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले जाते आणि जुन्या वर्षाचा घसारा वजा करून शिल्लक पुढे ओढली जाते. त्या दिवशी घरातील वडीलधारी मंडळी आणि दुकानातील जुनी माणसे एकत्र असतात. पूजा आटोपल्यावर एकेकाला एवढेच विचारावे, “खाली बसता येतं का? उठताना त्रास होतो का?” ज्यांचे उत्तर अडखळेल, त्यांच्यासाठी वर्षाची पहिली तरतूद तेथेच लिहून टाकावी.